ऐरणीवरची तारीख

आपल्या मराठी वृत्तपत्रांत दररोज एखादा तरी प्रश्न ऐरणीवर येतो. पाण्याचा येतो, सीमेचा येतो, शिक्षकांच्या वेतनाचा तर दर महिन्याला येतो. परंतु ऐरण ही प्रत्यक्षात काय वस्तू असते, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसे संपादकांच्या टेबलाभोवती फारशी नसावीत. मीही त्यांतलाच होतो. गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाचा लोहाराशी संबंध तो किती? फार तर तंबोऱ्याच्या तारेपुरता, आणि ती तारही लोहार करीत नाही.

दांडिया बाजारात आमच्या घरामागच्या गल्लीत एक लोहाराचे दुकान आहे. ते काका आता सत्तरीच्या पुढे गेले. त्यांचे पणजोबा गायकवाडांच्या अमदानीत दक्षिणेतून इकडे आले, जसे आमचेही आले. भाता कधीच गेला. त्याच्या जागी विजेचा पंखा आहे. पण ऐरण तीच. एका बाजूला शिंगासारखे निमुळते टोक, दुसऱ्या बाजूला चौकोनी भोक पाडलेली शेपटी, आणि खाली चार पाय पसरलेली विलायती घडणीची ऐरण. आपल्याकडची मूळची ऐरण म्हणजे लाकडी खोडात रोवलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा. त्याला ना शिंग ना शेपूट. काकांच्या घरात या ऐरणीची एक कथा होती. ती सरकारांनी, म्हणजे सयाजीराव महाराजांनी, काकांच्या आजोबांना काम पाहून बक्षीस दिली, आणि बक्षिसाची तारीख तिच्या अंगावर कोरून दिली. तारीख होती १ . २ . १४. एक फेब्रुवारी एकोणीसशे चौदा. इंग्रजी आकडे, मधे ठळक टिंबे. मी स्वतः बोट फिरवून पाहिली होती.

गेल्या उन्हाळ्यात काका म्हणाले, “मास्तर, नातू म्हणतो दुकान वेल्डिंगचं करू. हिला आता कोण विचारतं? तुमचा कान चांगला. ठोकून सांगा बरं, माल खरा आहे की नुसतं बीड.”

कानाची स्तुती केली की आम्हा संगीतवाल्यांचे भान सुटते. मी हातोडी घेतली आणि माथ्यावर दोनतीनदा मारून पाहिले. आवाज बसका, ठप्प. मी इंटरनेटवर कुठेतरी वाचले होते की अमेरिकेत ट्रेंटन गावी फिशर नावाच्या कारखान्यात बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसविलेल्या ऐरणी होत आणि त्या वाजत नसत. तेवढ्या ज्ञानाच्या बळावर मी मान हलविली आणि निकाल दिला : बीड आहे, आवाज मेलेला आहे. काकांनी पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याला बोलावले.

भंगारवाला आला, तेव्हा मी शिकवणीला निघालो होतो, म्हणून ते दृश्य पाहायला मिळाले. ऐरणीच्या कमरेला एक जाड साखळी आवळून बांधलेली होती, आणि ती ज्या लाकडी ओंडक्यावर होती तिथे तिचे पाय वाळूच्या पोत्यात अर्धे बुडालेले होते. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे काकांच्या वडिलांनी तो बंदोबस्त केला होता, आणि पन्नास वर्षांत घरातले सगळे ते विसरून गेले होते. साखळी सुटली, ऐरण दोघांनी लोटून फरशीवर आणली, आणि लोटताना नातवाच्या हातातली पहार तिच्या शेपटीवर आपटली. जो नाद निघाला तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. घंटेसारखा लांब, उंच, आणि विरताना आत आणखी एक बारीक स्वर ठेवून जाणारा. मी सायकल टेकवून तसाच परत फिरलो. इतका शरमलो होतो की काकांच्या डोळ्याला डोळा देववेना. मी त्यांच्याकडे एक आठवडा मागून घेतला. भंगारवाल्याने तोवर वजन केलेच होते : एक्याऐंशी किलो. भाव किलोवर होता. नाव, गाव, वय यांना भंगारात भाव नसतो.

त्या आठवड्यात मी जे शिकलो ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. आपल्या बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, जिथे जिथे संस्थानी कारखाने होते तिथे तिथे, अशा ऐरणी अजून कोपऱ्यात पडलेल्या असतील, आणि एक तर त्या किलोवर जात आहेत, नाही तर कुणाच्या तरी कल्पित कथेसकट दिवाणखान्याची शोभा होत आहेत. दोन्ही मला सारखेच वाईट वाटते.

पहिली गोष्ट नादाची, कारण चूक तिथे झाली. ऐरण वाजते म्हणजे तिचा पोलादी माथा खालच्या लोखंडाला एकजीव चिकटलेला आहे, अंगात तडा नाही, एवढेच बहुतेक कळते. वाजत नाही म्हणजे ती बिडाची असेल, फुटकी असेल किंवा नुसती साखळीने बांधलेली असेल. तिचा कर्ता कोण हे नाद सांगत नाही. स्वीडनच्या कोल्स्वा कारखान्याची ओतीव पोलादाची ऐरण फार मोठ्याने वाजते म्हणतात; पण मोठ्याने वाजणारी प्रत्येक ऐरण स्वीडनची नव्हे. आम्हा लोकांना पायथागोरसची कथा फार प्रिय. लोहाराच्या दुकानावरून जाताना त्याने हातोड्यांचे संवादी स्वर ऐकले, हातोडे तोलून पाहिले, वजने बारा, नऊ, आठ आणि सहा या प्रमाणात निघाली, आणि षड्ज-पंचमाचे गणित हाती आले. निकोमाकस नावाच्या ग्रीक लेखकाने ती लिहून ठेवली आणि मग शेकडो वर्षे सगळे ती उतरवीत राहिले. कुणीही दोन हातोडे घेऊन एका ऐरणीवर मारून पाहिले असते तर कळले असते की स्वर ऐरणीचा असतो, हातोड्याच्या वजनाचा नव्हे. मीही वर्गात ही कथा खरी म्हणून सांगत आलो. शिवाय ऐरणीचा स्वर तारेसारखा सरळ नसतो. त्यात एकमेकांशी न जुळणारे अनेक स्वर असतात, त्यामुळे त्यावर षड्ज धरावा म्हटले तर तो हाती लागत नाही. वाग्नरने आपल्या ‘ऱ्हाईनगोल्ड’ या संगीतिकेत, जी १८६९ साली म्युनिकला प्रथम झाली, अठरा ऐरणी मागितल्या आणि त्याही सुरात लावलेल्या. त्या वाजविणाऱ्यांचे मी कौतुकच करीन. आपल्याकडे भरतमुनींनी तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार वर्ग केले, त्यांतला ‘घन’ आणि लोहाराचा ‘घण’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. म्हणजे नाते आहे. पण नात्यावरून ओळख पटत नाही.

मग ओळख पटावी कशावरून? हात, डोळे आणि धीर यांवरून. अमेरिकेत रिचर्ड पोस्टमन या गृहस्थांनी ऐरणींच्या कर्त्यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या ऐरणींच्या शौकिनांत तोच प्रमाण मानतात. त्यांच्या वाटेने जायचे तर पहिला नियम असा की ग्राइंडरला हात लावायचा नाही. काकांचा नातू ग्राइंडर घेऊन तयारच होता : “चकाचक करून देतो, मग वाचा.” चकाचक झाल्यावर वाचायला काय उरले असते? जुन्या ऐरणीवरचा ठसा कागदाच्या जाडीइतकाच खोल राहिलेला असतो. माथा घासून आरशासारखा केला तर वरची पोलादाची पाटी पातळ होते, आणि पाणी देऊन आणलेला कडकपणाही तापून जाण्याचे भय असते. आम्ही घासलेटचा बोळा, हाताने चालवायचा तारेचा ब्रश आणि जुने धोतर एवढ्यावर चार दिवस काढले. मग रात्री दिवे मालवून मोबाइलची बत्ती अंगाला अगदी आडवी धरली. दिवसा समोरच्या उजेडात जे सपाट दिसत होते तिथे आडव्या उजेडात सावल्या उठल्या. खडूची पूड चोळून वरची पुसली, तेव्हा खळग्यांत पांढरी राहिली. शेवटी लहान मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात तसे केले. कागद खोटे बोलत नाही, आणि बुजलेले अक्षर मनाने पुरे करण्याचा मोहही त्याला नसतो.

अक्षरे येण्याआधी घडणीने पुष्कळ सांगितले. माथ्याखाली बोटभर अंतरावर एक बारीक रेघ आडवी गेलेली होती. लोखंडाच्या अंगावर पोलादाची पाटी तापवून ठोकून जोडल्याची ती खूण. शिंग आणि माथा यांच्यामधली पायरी मऊ होती, तिच्यावर छिन्नीचे घाव पडलेले. माथ्यावर घाव नव्हते. बेअरिंगमधली गोळी वीतभर उंचीवरून माथ्यावर सोडली की ती जवळजवळ हाताशी परत येई, पायरीवर सोडली की लोळत जाई. कमरेला आणि पोटाला चौकोनी खोबणी होत्या; भट्टीत असताना एवढे धूड पहारीने धरून फिरवायचे, त्यासाठी त्या असतात. म्हणजे ही बिडाची ओतीव वस्तू नव्हेच. माणसांनी तुकडे जोडून, घणाने ठोकून घडविलेली. घोड्याच्या नालेला भोके पाडताना लागते ते लहान गोल भोक शेपटीत होते. फार जुन्या इंग्रजी ऐरणींत ते नसते, एकोणिसाव्या शतकाचा पहिला भाग सरता सरता ते येऊ लागले. तेव्हा फार पुरातनही नव्हे.

आणि मग ती तारीख. सांगताना मला अजून अवघड वाटते. १ . २ . १४ ही तारीख नाही. ते वजन आहे. इंग्रज लोक ऐरणीचे वजन तीन आकड्यांत ठोकीत : पहिला आकडा हंड्रेडवेटांचा, म्हणजे एकशे बारा पौंडांचा, दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे अठ्ठावीस पौंडांचा, तिसरा उरलेल्या सुट्या पौंडांचा. एकशे बारा, अधिक दोन चौथाया म्हणजे छप्पन्न, अधिक चौदा, मिळून एकशे ब्याऐंशी पौंड. किलोंत सुमारे साडेब्याऐंशी. भंगारवाल्याच्या काट्याने एक्याऐंशी दाखविले होते. शंभरएक वर्षांची झीज आणि भंगारवाल्याचा काटा, दोन्ही लक्षात घेता हिशेब इतका चोख जुळला की संशयाला जागाच राहिली नाही. दुसरा आकडा तीनच्या वर कधी जात नाही आणि तिसरा सत्तावीसच्या वर, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांच्या घरी अशा ‘तारखा’ आहेत त्यांनी ताडून पाहावे.

काकांना हे सांगायचे की नाही, यावर मी एक रात्र घालवली. सांगितले नाही तर त्यांचे काय बिघडणार होते? म्हातारा माणूस, आजोबांची एक आठवण उराशी धरून बसलेला. पण माझ्या समोर माझे वडील उभे राहिले. ते राजवाड्यात पखवाज वाजवीत. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते विशीच्या आतले होते, आजोबांच्या जागी नुकते लागलेले. पुढे वाड्यातल्या सणावाराला वाजवीत राहिले. मी त्यांना उतारवयात झालो. आमच्या घरच्या पखवाजाचे खोड लाहोरचे, अशी आमच्याकडे कथा होती. मी पंधरासोळा वर्षांचा असताना पुडी बदलायला वाद्य उघडले, तेव्हा आत लाकडावर शिसपेन्सिलीने याच शहरातल्या एका गल्लीचे नाव लिहिलेले सापडले. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाद्य मिळविले, तासभर वाजविले, आणि मला म्हणाले, “बोल तेच आहेत.” त्यानंतर लाहोरचे नाव त्यांनी कधी घेतले नाही, आणि कुणी घेतले तर खोडून काढले.

आमच्या क्षेत्रात हा रोग फार. जुना तंबोरा दिसला की तो मिरजेचा. जुनी पेटी दिसली की तिचे सूर पॅरिसचे. कुणी थोडे सावकाश आलाप केले की तो किराण्याचा. तंबोरा उघडून आत कागद आहे का, भोपळ्याची बैठक कशी, घोडीची लाकडे कोणती, हे पाहण्याची कुणाला तसदी नको. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे लोक. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम आटल्यावर त्यांचा हात तारेच्या वाद्यांकडे वळला. त्या हाताची खूण जाणकाराला कामात दिसते. ती न पाहता नुसते नाव चिकटविणे हा त्या हाताचा अपमान आहे, आणि ज्या दुसऱ्या कारागिराने ते वाद्य खरोखर घडविले त्याची तर चोरीच. ऐरणींचेही तसेच चालते. विलायती ऐरण दिसली की शौकीन म्हणतो ‘पीटर राइट’, कारण डडली गावचे ते नाव त्याला ठाऊक असते. परंतु पीटर राइटच्या अंगावर नावाबरोबर वर्तुळात ‘सॉलिड रॉट’ ही अक्षरे असतात आणि पावलांना बहुधा सपाट पायरी असते. ती नसेल तर दुसरे घर शोधावे. फिशरच्या अंगावर गरुड असतो. काही अमेरिकन घरांच्या ऐरणींना पायावर क्रमांक असतो आणि तळाला विशिष्ट आकाराचा खळगा. म्हणजे नाव बुजले तरी पाय आणि पोट बोलतात.

आमच्या कागदावर पाचव्या रात्री अक्षरे उठली. वरच्या ओळीच्या शेवटी, मराठीत लिहायचे तर, ‘टेज’ असे; खालच्या ओळीत ‘होल’ स्पष्ट आणि त्याआधी ‘एस’ आणि ‘ई’. आर्मिटेज, माउस होल. शेफील्डजवळ रिव्हेलिन नदीच्या काठी त्या नावाची भट्टी होती आणि आर्मिटेज घराण्याच्या हातची ऐरण इंग्लंडबाहेरही दूरवर जात असे. वजनाच्या आकड्यांमधली ठळक टिंबेही त्या घराला शोभणारी. माउस होल म्हणजे उंदराचे बीळ. काही काळातल्या ऐरणींवर खरोखरच उंदराचे चित्र ठोकलेले असे. नातवाला नावाच्या शेजारी उंदीर दिसला. मला गंजाचा डाग दिसला. मी लेखात डागच लिहितो.

काकांना सांगितले ते असे, सगळे, काही न लपविता. ते बराच वेळ त्या आकड्यांवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, “म्हणजे सरकारांनी दिली नाही?” मी म्हणालो, “काका, तसं मी म्हटलं नाही. तारीख नाही एवढंच म्हटलं. कुणी दिली ते ऐरण सांगत नाही.” आणि ते खरे आहे. बडोद्यास विलायती ऐरण येण्याच्या वाटा काही कमी नव्हत्या. डभोई ते मियागाम रुळांवर १८६२ साली बैल गाड्या ओढू लागले आणि १८७३ पासून एंजिने. रेल्वे आली की लोहारकाम आलेच. १८९० साली कलाभवन निघाले, तिथे हातकामाचे शिक्षण होते. सरकारी कामावरून जुनी वस्तू कुणा चांगल्या लोहाराला मिळाली असेलही. पुढच्या एका पावलावर मालकाने मागाहून ठोकलेले एक इंग्रजी ‘बी’ आहे आणि त्यानंतर एक बुजलेला ओरखडा. नातू म्हणतो तो ‘एस’ आहे, बडोदा स्टेट. माझ्याही मनातून तसेच आहे. परंतु कागदावर तो ‘एस’ उठत नाही, तीनदा घासून पाहिले, उठत नाही.

एका गोष्टीची मात्र रुखरुख राहिली. आर्मिटेज हे भट्टीच्या धन्याचे नाव. एकशे ब्याऐंशी पौंडांचे लोखंड लाल करून पहारीवर तोलणारे, त्यावर पाळीने घण घालणारे, पाटी जोडताना एक क्षणही न चुकणारे जे हात होते, त्यांचे नाव तिच्यावर नाही. जुन्या मराठी राज्यांत अठरा कारखाने मोजीत, आणि आमच्या बडोद्यात गाणाऱ्यावाजविणाऱ्यांच्या खात्यालाही ‘कलावंत कारखाना’च म्हणत. नोंद खात्याची राहते. माझ्या आजोबांच्या हातचा एक बोलही कुठे ध्वनिमुद्रित नाही. तेव्हा ऐरणीचा कर्ता सापडला असे जे मी म्हणतो, त्यात ‘कर्ता’ या शब्दाला किती ताणले आहे ते मला ठाऊक आहे. तरीही ‘कुठलीतरी विलायती’ आणि ‘रिव्हेलिनकाठची’ यांत फरक आहेच. १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ चित्रपटातले लोहाराच्या भट्टीवरचे गाणे मराठी घराघरांत गेले. त्याचे संगीतकार म्हणून पडद्यावर आनंदघन असे नाव होते, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे कळल्यावर ते गाणे लोकांनी पुन्हा नव्याने ऐकले. नाव कळल्याने चाल बदलली नव्हती, ऐकणाऱ्याचा कान बदलला होता.

भंगारवाला ठरल्या दिवशी आला आणि रिकाम्या हातगाडीने परत गेला. भाव त्याने किलोमागे दोन रुपये वाढवून पाहिला. नातवाचे वेल्डिंग सुरू झाले आहे, दुकानाच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्यात ऐरण आपल्या ओंडक्यावर आहे, साखळीशिवाय. शेजारच्या बाईंनी एकदा आवाजाबद्दल विचारून झाले. तिचा तळ अजून पाहायचा राहिला आहे, कारण तिला उलटी करायला चार माणसे लागतात. खंडेनवमीला काका तिला धुऊन पूजतात. त्या दिवशी आम्ही चौघे जमणार आहोत, आणि मी जुने धोतर व खडूची पूड घेऊन जाणार आहे.